पेल्याला फुटलेला घाम

“काका, पण पाणी आलं कुठून? आपण तर पाणी वापरलंच नव्हतं!”

२०१० च्या जुलैमधली गोष्ट. रत्नागिरीत पावसाची झड लागली होती. दुकानातल्या टेबलावर शेजारच्या मुलाच्या संगणकाचा मदरबोर्ड उताणा पडला होता आणि त्याच्या पाठीवर, प्रोसेसरच्या बरोब्बर मागे, पाण्याचे थेंब चमकत होते. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. संगणक त्याच्या वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून घेऊन दिलेला. प्रोसेसर जितका थंड ठेवावा तितका तो जास्त वेगानं चालवता येतो, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं. मला तर असल्या गोष्टींचं वेडच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दोन पेल्टिए चकत्या आणल्या, तांब्याचा मोठा हीटसिंक आणि दोन पंखे लावले, आणि दोघांनी मिळून प्रोसेसरवरची पट्टी आठ अंशांपर्यंत खाली आणली. संध्याकाळभर यंत्र झकास चाललं. रात्री बंद केलं. सकाळी सुरू झालं नाही ते नाहीच.

त्याच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिलं, “अरे, थंडीनं घाम फुटला.” उत्तर चुकीचं नव्हतं, पण त्यात काही अर्थही नव्हता. बोर्डाचे पैसे मी पुढच्या चार महिन्यांत फेडले. त्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधायला मात्र पुढची काही वर्षं गेली. मी पदवीधर नाही. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करता करता जे शिकलो तेवढंच. त्यामुळे रस्ता लांबचा पडला, पण रस्त्यात पुष्कळ काही दिसलं. ते इथे मांडतो आहे.

१

आपल्या भाषेत या पाण्याविषयी दोन वाक्प्रयोग आहेत. पहाटेच्या गवतावर ‘दव पडतं’ आणि गार पाण्याच्या पेल्याला ‘घाम फुटतो’. पहिल्यात पाणी वरून येतं, दुसऱ्यात आतून. दोन्ही शब्द सुंदर आहेत, आणि दोन्ही चुकीच्या दिशेला बोट दाखवतात.

विद्वानांतही हा वाद शतकानुशतकं चालला होता. दव आकाशातून पडतं असं काहींचं म्हणणं, जमिनीतून वर येतं असं काहींचं. याचा निकाल लावला तो विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधल्या डॉक्टरनं. १८१४ साली त्यानं दवावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याची साधनं पाहिली की माझ्यासारख्या माणसाला धीर येतो: लोकरीचे पुंजके, तराजू आणि तापमापक. प्रत्येकी दहा ग्रेन वजनाचे पुंजके तो रात्री बागेत ठेवी आणि नंतर त्यांचं वजन करी. फळीच्या वर ठेवलेल्या पुंजक्यात फळीखालच्यापेक्षा जास्त दव साठलं. दव जमिनीतून वर येत असतं, तर उलटं व्हायला हवं होतं. एक पुंजका त्यानं दोन्ही तोंडं उघडी असलेल्या मातीच्या उभ्या नळकांड्यात ठेवला. दव पावसासारखं पडत असतं, तर तिथंही उघड्यावरच्या इतकंच साठायला हवं होतं. साठलं फारच कमी. निष्कर्ष असा, की निरभ्र रात्री गवत, लोकर, पानं आपली उष्णता आकाशाकडे सोडून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात आणि त्या थंड पृष्ठभागाला टेकलेली हवा आपल्यातलं पाणी तिथं ठेवून जाते. आधी गारवा, मग दव. आणि पाणी ना वरून, ना आतून. ते आजूबाजूच्या हवेतून.

मुलाच्या प्रश्नाचं हे खरं उत्तर. पाणी आम्ही वापरलं नव्हतं, पण आम्ही पाण्यातच बसलो होतो. माझं दुकान दहा फूट बाय बारा फूट, उंची दहा फूट, म्हणजे सुमारे चौतीस घनमीटर. तीस अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरली, तर दर घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम बाष्प असतं. खोलीभर मिळून पावणेनऊशे ग्रॅम, लिटरला थोडंच कमी. आणि दार उघडलं की नवा साठा हजर.

२

इथे एका आकड्याशी मैत्री करावी लागते. त्याचं नाव दवबिंदू. हवा थंड करत गेलं की एका तापमानाला तिची बाष्प धरून ठेवण्याची हद्द येते. ते तापमान म्हणजे दवबिंदू. त्याच्या वर असलेली कोणतीही वस्तू कोरडी राहते, खाली गेलेली ओली होते.

वर्तमानपत्रात आपल्याला भेटते ती सापेक्ष आर्द्रता, टक्क्यांतली. ती फसवी असते. पुण्यातली हिवाळ्यातली एक पहाट घ्या: तापमान बारा अंश, आर्द्रता ९० टक्के. त्याच दिवशीची दुपार: पंचवीस अंश, ४० टक्के. पहाट दमट आणि दुपार कोरडी वाटते. गणित केलं तर दोन्ही वेळी दवबिंदू साडेदहा अंशांच्या आसपासच निघतो. हवेतलं पाणी तेवढंच आहे, फक्त हवा तापली. अकोल्याच्या मे महिन्यात चाळीस अंश आणि १५ टक्के असेल तर दवबिंदू साडेआठ. आणि आमच्या कोकणात जुलैत तीस अंश आणि ८५ टक्के असेल तर दवबिंदू २७! तेव्हा आठ अंशांची तीच पट्टी अकोल्यात जेमतेम ओलावली असती. आमच्याकडे ती दवबिंदूच्या एकोणीस अंश खाली होती.

हा आकडा मोजायला महागडं उपकरण लागत नाही. स्टीलच्या पेल्यात साधं पाणी घ्यायचं, थोडा थोडा बर्फ टाकत ढवळायचं, आणि बाहेरच्या बाजूवर पहिली धूसर झाक आली की आतल्या पाण्याचं तापमान वाचायचं. मँचेस्टरचा जॉन डाल्टन याच जातीची युक्ती वापरत असे. मी त्या अपघातानंतर ओट्यावर बसून हे मोजायला लागलो आणि वहीत टिपत गेलो. पावसाळ्यात आकडा चोवीसच्या खाली क्वचितच येतो. जानेवारीच्या पहाटे तो पंधरा ते अठरात असतो. म्हणजे कोकणात ‘कोरडा’ म्हणावा असा ऋतू जवळजवळ नाहीच.

३

एक शंका वाचकाच्या मनात आली असेल. संगणकात पंखा तर नेहमीच असतो, काहींमध्ये पाणीही खेळवतात. मग सगळेच संगणक ओले का होत नाहीत?

याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. माठही बाहेरून ओला असतो आणि बर्फाच्या पाण्याचा पेलाही. पण दोघांचा मामला अगदी उलटा. माठातलं पाणी आतून पाझरतं, बाहेर उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. पेल्यावर पाणी बाहेरून येऊन बसतं. माठाला एक उपजत मर्यादाही आहे. बाष्पीभवनानं कितीही गारवा आला तरी तो दवबिंदूच्या खाली जाऊ शकत नाही, कारण हवेत जागा उरली नाही की पाणी उडायचंच थांबतं. म्हणून तर पावसाळ्यात माठ गार होत नाही. पंख्याचंही तसंच. तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा खाली नेऊच शकत नाही. ही सारी साधनं हवेच्या मर्जीत राहून थंड करतात, म्हणून ती कोरडी राहतात.

धोका सुरू होतो तो ही मर्यादा ओलांडल्यावर. फ्रिजसारखा कॉम्प्रेसर लावला, पेल्टिए लावली, उणे साडेअठ्ठ्याहत्तर अंशांचा कोरडा बर्फ ठेवला किंवा उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन ओतला, की दव आलंच. वेगाचे विक्रम करणारे लोक याच वाटेनं जातात. २०२२ च्या अखेरीस एका प्रोसेसरनं ९ गिगाहर्ट्झची रेषा ओलांडली, ती तर त्याहूनही थंड अशा द्रव हेलियमच्या जोरावर.

४

पण पाण्यानं बोर्ड मरतो कसा? शुद्ध पाणी विजेचं वाईट वाहक आहे आणि दव तर ऊर्ध्वपातित पाण्याइतकंच शुद्ध. बोर्ड मात्र शुद्ध नसतो. त्यावर धूळ असते, डागकामाच्या फ्लक्सचा चिकटा असतो, आणि समुद्रकाठी हवेतून येऊन बसलेलं मीठ असतं. दव या सगळ्याला विरघळवतं आणि मग त्यातून वीज वाहू लागते.

याहून छुपा प्रकार दुसरा. दोन टाचण्यांमध्ये ओल आणि थोडासा विद्युतदाब असला, की एकीकडचा धातू विरघळून दुसरीकडे जाऊन साठतो आणि झाडाच्या फांद्यांसारखी बारीक तार वाढू लागते. ती पलीकडे पोचली की शॉर्ट. मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही, की संगणक ‘बंद’ केला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर बोर्डावर पाच व्होल्टचा राखीव पुरवठा रात्रभर जिवंत असतो. आम्ही त्या रात्री खालचं बटण दाबलं, भिंतीवरचं नाही. संध्याकाळभर जमलेलं पाणी आणि रात्रभराची वीज. बोर्ड आम्ही झोपलेलो असताना मेला.

दुसरी चूक माझ्या पदरची. पट्टीभोवती मी गादीच्या स्पंजचे तुकडे कोंबले होते. स्पंज ऊब धरतो म्हणून लोकांना तो चांगला वाटतो. पण त्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात आणि हवा त्यातून आरपार जाते. शिवाय थंड पृष्ठभाग नुसता वाट पाहत बसत नाही. तिथं बाष्पाचं पाणी झालं की जवळची हवा कोरडी पडते आणि लांबचं बाष्प त्या दिशेनं सरकतं. उतारावरून पाणी यावं तसं. माझ्या स्पंजानं पाणी अडवलं नाही, साठवलं, आणि वर लपवूनही ठेवलं. काहीच लावलं नसतं तर निदान थेंब दिसले असते.

५

तेव्हा उपाय दोनच उरतात. पृष्ठभाग दवबिंदूखाली जाऊ द्यायचा नाही, नाहीतर थंड पृष्ठभागापर्यंत हवा पोचू द्यायची नाही. बाकी सगळे या दोहोंचे तपशील. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात मी स्वतःच्या जुन्या बोर्डावर तोच प्रयोग पुन्हा केला. तो सलग नऊ दिवस कोरडा चालला. काय केलं ते क्रमानं सांगतो.

पहिल्यांदा बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन पूर्ण वाळवला. मीठ आणि फ्लक्स गेला की निम्मं भय जातं. मग सॉकेटच्या भोवती आणि पाठीमागे व्हॅसलीनचा जाड थर दिला. दिसायला ओंगळ, पण जिथं व्हॅसलीन आहे तिथं हवा नाही, आणि जिथं हवा नाही तिथं दव नाही. सॉकेटच्या आतल्या पोकळीत वीज न वाहणारं सिलिकॉन ग्रीस भरलं. पोकळी मोकळी ठेवणं म्हणजे दमट हवेची एक डबी आत बंद करणं. बोर्डावर मारायचं खास वॉर्निशही मिळतं, फक्त ते सॉकेटच्या टाचण्यांवर जाऊ द्यायचं नाही.

त्यावर एसीच्या नळ्यांवर असतो तो काळा रबरी फोम. त्याचा प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र बंद असतो, म्हणून बाष्प आत शिरत नाही. मात्र सांधे चिकटवायला हवेत. केसाएवढी फट राहिली तरी सगळी मेहनत वाया. जाडीचाही हिशेब आहे, कारण फोमचा बाहेरचा पृष्ठभाग स्वतः दवबिंदूच्या वर राहिला पाहिजे. खोली २९ अंश आणि दवबिंदू २६ असेल, तर हातात फक्त तीन अंशांची सवलत आहे. आठ अंशांच्या पट्टीसाठी माझ्या गणितानं फोम सुमारे एक इंच लागतो. दवबिंदू दहा असलेल्या कोरड्या गावात काही मिलिमीटर पुरतात. म्हणून कोरड्या मुलखातल्या कुणाचा यशस्वी प्रयोग जसाच्या तसा कोकणात उचलू नये.

बोर्डाची पाठ विसरू नये. तांब्याच्या रेषा थंडी पलीकडे नेतात. आमचे थेंब तिथेच तर सापडले. पाठीवर फोम लावलाच, शिवाय काही रेझिस्टर जोडून किंचित ऊबही दिली. थंड करायच्या यंत्राला ऊब द्यायची ही कल्पना विचित्र वाटेल. पण घरच्या फ्रिजच्या दाराच्या चौकटीला हात लावून पाहा, अनेकदा ती कोमट लागते. चौकटीला घाम फुटू नये म्हणून गरम नळी मुद्दाम तिथून फिरवलेली असते.

आणि सगळ्याच्या कडेला टिश्यू पेपरच्या घड्या. त्या संरक्षण म्हणून नव्हेत, पहारेकरी म्हणून. कागद ओला झाला की कुठं फट आहे ते कळतं.

एसी लावला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. ते अर्धंच खरं. एसी हे मुळात मुद्दाम दव पाडणारं यंत्र आहे. बाहेर टपकणारं पाणी म्हणजे खोलीतल्या हवेतून काढलेलं बाष्प. विलिस कॅरिअरनं १९०२ साली पहिली यंत्रणा आखली तीही माणसांच्या सुखासाठी नव्हे, तर ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगे आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. चोवीस अंश आणि ५५ टक्के अशा खोलीत दवबिंदू चौदाच्या जवळ येतो, हा मोठाच फायदा. पण आमच्याकडे वीज गेली की एसी थांबतो, इन्व्हर्टरवरचा संगणक चालूच राहतो, आणि कुणीतरी खिडकी उघडतं. त्यापेक्षा यंत्र बंद पेटीत ठेवणं बरं. पन्नास लिटरच्या पेटीतल्या दमट हवेत बाष्प असतं जेमतेम सव्वा ग्रॅम. सिलिका जेलची एक पिशवी ते सहज शोषते. खोलीतल्या पावणेनऊशे ग्रॅमपुढे तीच पिशवी बिचारी काय करणार?

शेवटचा नियम बंद करतानाचा. थंड करणारं यंत्र आधी थांबवायचं, भिंतीवरचं बटण बंद करायचं, आणि सगळं खोलीच्या तापमानाला येईपर्यंत आवरण उघडायचं नाही. थंडगार भाग घाईनं उघडला की दमट हवा त्यावर तुटून पडते. नऊ दिवस जपलेला बोर्ड दहा मिनिटांत भिजतो.

६

फोमचा तोच हिशेब द्रव नायट्रोजनला लावला, तर थर फूटभर जाडीचा होतो. म्हणून विक्रमवीर तेवढा थर देतच नाहीत. काही तासांचा खेळ, बाहेर साचणारं बर्फ, पुसायला कागद, आणि मग आवराआवर. घरी हा खेळ करू नये. एक लिटर द्रवाचा सुमारे सातशे लिटर वायू होतो आणि बंद खोलीतला प्राणवायू कमी पडून माणूस कोसळू शकतो.

पण याच द्रवाला वर्षानुवर्षं सांभाळणारी वस्तू आपल्या खेड्यापाड्यांत आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यातली नायट्रोजनची टाकी. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेलं वीर्य तिच्यात असतं. उरुळी कांचनच्या बायफसारख्या संस्थांनी ती शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेली. आत उणे १९६ अंश, बाहेर कोकणातला पावसाळा, आणि टाकी बाहेरून कोरडी ठणठणीत! कारण तिच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी आहे. जेम्स देवारनं १८९२ मध्ये काढलेल्या युक्तीचाच हा वारसा. बाहेरची भिंत खोलीइतकीच उबदार राहते, आणि थंड भिंतीला हवा कधी भेटतच नाही. माझे दोन्ही उपाय एकाच भांड्यात. आणि टाकीला बाहेरून घाम फुटला, तर पोकळीत हवा शिरली, टाकी निकामी होते आहे, हे समजायचं.

संगणकाच्या इतिहासातही असा अध्याय आहे. अमेरिकेतल्या ईटीए सिस्टिम्सनं ईटीए-१० या महासंगणकाचे प्रोसेसर द्रव नायट्रोजनमध्ये बुडवले. पहिलं यंत्र १९८७ साली फ्लोरिडातल्या टॅलाहासीच्या विद्यापीठात गेलं. तिथला उन्हाळाही आपल्यासारखाच दमट. १९८९ मध्ये कंपनीच बंद झाली. नंतरची दिशा उलटी आहे. २०१२ साली म्युनिकजवळ सुरू झालेला सुपरएमयूसी हा महासंगणक चाळीस अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यानं थंड केला जाई. प्रोसेसर त्याहून बराच तापलेला असतो, म्हणून कोमट पाणीही त्याची उष्णता वाहून नेऊ शकतं. आणि चाळीस अंशांच्या नळीला जगातल्या कुठल्याही गावी घाम फुटत नाही. कोकणातल्या माणसानं यातून घ्यायचं ते हेच, की वेगाच्या हौसेपायी यंत्र थंड करण्याआधी आपल्या हवेचा दवबिंदू विचारावा आणि शक्यतो त्याच्या वरच राहावं.

तो मुलगा आता नोकरीनिमित्त पुण्याला असतो. मागच्या पावसाळ्यात घरी आला तेव्हा दुकानात डोकावला. मी ओट्यावर पेला घेऊन बसलो होतो. “काका, अजून मोजता?” म्हणाला आणि शेजारी बसला. बर्फाचा तिसरा खडा टाकला तेव्हा पेल्यावर झाक आली. तापमापक त्यानंच वाचला. पंचवीस. वहीत आकडा लिहून त्यानं वही माझ्याकडे दिली.